वाचकांचे प्रश्न : नवा पदपथ असूनही आम्ही रस्त्यावरून का चालतो?

प्रश्न : आम्ही नाशिकमध्ये गंगापूर रोडच्या बाजूला राहतो. कॉलनीबाहेर नवा पदपथ झाला आहे आणि पेव्हर ब्लॉकही चांगले बसवले आहेत. तरीही पत्नीच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आम्ही फिरायला निघालो की चार पावलांत रस्त्यावर उतरतो. मुलगा म्हणतो, ‘बाबा, तुम्हाला सवयच नाही.’ चूक आमची आहे का?
(एक ज्येष्ठ वाचक)

उत्तर : आपली चूक नाही. आपले गुडघे त्या पदपथाची अचूक तपासणी करत आहेत.

आपले पत्र आल्यावर मी आमच्या गल्लीतला पदपथ शिंप्याच्या टेपने मोजला. रस्त्यापासून त्याची उंची अकरा इंच भरली, म्हणजे घरातल्या जिन्याच्या पायरीच्या जवळपास दीडपट. त्यातच प्रत्येक बंगल्याच्या फाटकासमोर मोटार आत जावी म्हणून तो तोडून उतरता केलेला. शंभर पावलांत मला सात वेळा खाली उतरून पुन्हा वर चढावे लागले. गुडघा दुखणारा माणूस ही कवायत रोज कशासाठी करील?

रस्तेबांधणीचे निकष ठरवणाऱ्या ‘इंडियन रोड्स काँग्रेस’ या संस्थेच्या पादचारी सुविधांविषयीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार (आयआरसी १०३) पदपथाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे सुमारे सहा इंचांपेक्षा, अधिक नसावी आणि चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंद व २.२ मीटर उंच जागा मोकळी असावी. यातला ‘मोकळी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. डीपी (विजेची पेटी), झाडाचे आळे, जाहिरातीचा खांब आणि उभी केलेली स्कूटर वजा करून जे उरते तेवढीच रुंदी खरी. निविदेतला आकडा काहीही असो.

फाटकांचा प्रश्न सोडवण्याची रीत सोपी आहे, पण आपल्याकडे ती सहसा उलटी राबवली जाते. पदपथ फाटकासमोरूनही त्याच पातळीवर सलग न्यावा आणि उतार फक्त रस्त्याकडच्या कडेला, थोड्या रुंदीत द्यावा. मग मोटार हळू होऊन वर चढते आणि पादचाऱ्याची चाल मोडत नाही. दुचाकी वर येऊ नयेत म्हणून लावलेले खांब मात्र अडचणीचे ठरतात, कारण चाकांची खुर्ची जाईल एवढी फट ठेवली की मोपेडही त्यातूनच जाते. त्यावर खांबांइतकाच दंडाचाही उपयोग होतो.

महापालिकेकडे अर्ज करताना ‘पदपथ चांगला करावा’ असे मोघम लिहू नये. उंची किती, फाटके किती, अडथळे कोणते आणि कुठे, हे मोजून छायाचित्रांसह द्यावे. सिग्नलवरही घड्याळ लावून पाहावे : सेकंदाला १.२ मीटर या चालीने १८ मीटरचा रस्ता १५ सेकंदांत ओलांडता येतो, पण ०.८ मीटर चालणाऱ्याला २२ सेकंदांहून अधिक लागतात. हिरवा दिवा मधेच मालवत असेल, तर हा हिशेबही अर्जात घालावा.

प्रश्न : मेन रोडवरचे सगळे फेरीवाले हटवले, तर चालणे सुखाचे होणार नाही का?
(एक गृहिणी, पंचवटी)

उत्तर : चार दिवस होईल; मग रिकाम्या जागेत दुचाक्या लागतील. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा केंद्रीय कायदा आहे, आणि सर्वेक्षण करणे व जागा ठरवून देणे ही जबाबदारी त्यानुसार स्थानिक संस्थेची आहे. त्यासाठीच्या नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे प्रतिनिधी असतात. झाडे आणि दिव्यांचे खांब ज्या पट्ट्यात असतात, त्याच ओळीत हातगाड्यांना आखीव जागा दिली, तर आतला चालण्याचा पट्टा मोकळा राहतो. शिवाय रात्री नऊनंतर त्या रस्त्याने एकटीने घरी परतताना कोपऱ्यावर शेंगदाणेवाला उभा असणे आणि नसणे यातला फरक आपल्याला मी सांगायला नको.