डॉक्टरांना विचारा : हाड वाढते, स्नायूंचे काय?

पाय लांब करण्याच्या शस्त्रक्रियेविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे या वेळी निवडली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे वय 26 वर्षे असून उंची 162 सेंटीमीटर आहे. प्रकृती उत्तम आहे, परंतु उंचीचा न्यूनगंड शाळेपासून मनात घर करून बसला आहे. नडगीचे हाड लांब करून 8 सेंटीमीटर उंची वाढते आणि तीन महिन्यांत माणूस पूर्ववत चालू लागतो, अशी जाहिरात मी पाहिली. पैशांची तजवीज केली आहे. आईवडिलांचा मात्र विरोध आहे. हे खरोखर शक्य आहे का?

उत्तर : उंची वाढवता येते, तीन महिन्यांत पूर्ववत चालणे मात्र शक्य नाही. हे ठरवायला वैद्यकीय ज्ञानाचीही गरज नाही, साधा गुणाकार पुरतो. हाड कापल्यानंतर पाच ते सात दिवस काहीच करायचे नसते. त्यानंतर दोन्ही तुकडे रोज सुमारे एक मिलिमीटर या गतीने एकमेकांपासून दूर न्यायचे असतात. म्हणजे 8 सेंटीमीटरसाठी नुसते ताणण्याचेच 80 दिवस झाले. तोपर्यंत मधल्या फटीत जे तयार होते ते एक्स-रेमध्ये विरळ ढगासारखे दिसते आणि शरीराचा भार पेलण्याच्या लायकीचे नसते. ते पक्के होण्याचा काळ धरला, तर वाढवलेल्या प्रत्येक सेंटीमीटरमागे महिना ते दीड महिना हिशेबात घ्यावा लागतो. तुम्ही पाहिलेली जाहिरात बहुधा ताणणे संपते त्या दिवशीच हिशेब मिटवते.

ही संथ गती गरजेतून आली आहे. इटलीतील कोडिव्हिला यांनी 1905मध्ये हाड कापून पाय एकदम ओढून लांब करण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले होते, परंतु जोराच्या ताणाचे दुष्परिणाम गंभीर होते. पुढे सायबेरियातील कुर्गान येथे गावरिल इलिझारोव्ह यांनी 1950च्या दशकापासून दाखवून दिले, की ताण अगदी हळू आणि नियमित दिला तर शरीर ती फट स्वतःच नव्या हाडाने भरून काढते. त्यांच्या पद्धतीत पायाभोवती धातूच्या कड्या असतात, त्या हाडातून आरपार गेलेल्या तारांनी धरलेल्या असतात आणि रुग्ण स्वतःच पाना घेऊन दिवसातून चार वेळा नट फिरवतो, प्रत्येक वेळी पाव मिलिमीटर, म्हणजे नखाच्या जाडीहूनही कमी. घाई केली तर फट भरत नाही आणि नस ताणली जाते. आळस केला तर हाड मध्येच जुळून बसते आणि पुन्हा कापावे लागते.

हाडाच्या पोकळीत बसवायची चुंबकीय सळई गेल्या दशकापासून वापरात आहे. बाहेरून एक यंत्र पायावर धरले की आतली सळई लांब होते. तारांच्या छिद्रांतून होणारा जंतुसंसर्ग तिच्यामुळे टळतो, हा मोठा फायदा खरा. परंतु नवे हाड भरेपर्यंत त्या सळईवर पूर्ण वजन टाकता येत नाही आणि काम झाल्यावर ती काढायला आणखी एक शस्त्रक्रिया लागते. अधिक वजन पेलणारी स्टीलची अशीच एक सळई, तिच्या सांध्यापाशी हाडात बिघाड दिसू लागल्यामुळे, 2021मध्ये बाजारातून परत घ्यावी लागली होती. नवे साधन म्हणजे निर्धोक साधन, असे समजू नये.

आता मुख्य अडचण. हाड सांगितल्याप्रमाणे वाढते, पण पोटरीचा स्नायू आणि टाचेमागची शीर तितक्या सहज वाढत नाहीत. नडगी लांब होऊ लागली की टाच वर उचलली जाते, पाऊल खाली टेकेनासे होते, गुडघा वाकलेल्या स्थितीत अडकू लागतो. हे रोखण्यासाठी रोज काही तास फिजिओथेरपी करावी लागते. तीही दुखत असताना, झोप अपुरी झालेली असताना आणि दोन्ही पाय एकाच वेळी जायबंदी असताना. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाने जाणारी नस दुखावली तर पाऊल वर उचलता येत नाही. यांशिवाय शिरांत रक्ताची गुठळी होणे, मेदाचे कण फुप्फुसात जाणे, हाड न जुळणे किंवा वाकडे जुळणे हे धोके आहेतच. तुमच्या उंचीच्या माणसाचे नडगीचे हाड साधारण 35 सेंटीमीटरचे असते. त्यात 8 सेंटीमीटर म्हणजे पाचव्या हिश्शाहून अधिक भर झाली, आणि गुंतागुंत नेमकी त्याच टप्प्यावर झपाट्याने वाढते. नडगीत 5 सेंटीमीटरच्या आसपास थांबणे शहाणपणाचे मानले जाते. हात मात्र आहेत तेवढेच राहतात, हेही आरशासमोर उभे राहून एकदा पाहावे.

केवळ सौंदर्यासाठी केलेल्या अशा शस्त्रक्रियांतून अपंगत्वाच्या तक्रारी आल्यामुळे चीनने 2006मध्ये वैद्यकीय कारणाशिवाय त्या करण्यास मनाई केली होती. मी सरसकट मनाईच्या बाजूचा नाही. सज्ञान माणसाने विचारपूर्वक घेतलेल्या निर्णयाचा मी आदर करतो. परंतु निरोगी पाय मोडून घेण्याचा हा निर्णय असल्यामुळे दोन गोष्टी आधी कराव्यात. मानसोपचारतज्ज्ञाशी किमान काही बैठका घ्याव्यात, कारण न्यूनगंडाचे मूळ उंचीत नसेल तर 5 सेंटीमीटरनंतरही तो तिथेच सापडतो. आणि सर्जनला ‘किती उंची वाढेल’ हे विचारण्याऐवजी, गुंतागुंत झाल्यास पुढची शस्त्रक्रिया कोण करणार, कितव्या महिन्यात आधाराशिवाय चालता येईल आणि धावण्याची क्षमता किती परत येईल, हे विचारावे. तुम्ही धूम्रपान करत असाल तर आणखी काही विचारू नका. तंबाखूने नवे हाड भरण्यास उशीर होतो, म्हणून आधी ते बंद करावे लागेल. आईवडिलांनाही त्या भेटीला न्यावे, कारण पुढचे कित्येक महिने तुम्हाला उठबस करायला तेच मदत करणार आहेत.

प्रश्न : डॉक्टरसाहेब, माझी मुलगी सहा वर्षांची असताना पडली आणि डाव्या गुडघ्याच्या वर मांडीचे हाड मोडले. आता ती नऊ वर्षांची आहे आणि डावा पाय 3 सेंटीमीटर आखूड आहे. वाढीची पट्टी पूर्ण बंद झाली आहे, असे आमचे डॉक्टर सांगतात आणि थांबायला सांगतात. लहान वयातच शस्त्रक्रिया उरकून टाकणे बरे नव्हे का?

उत्तर : ताई, तुमच्या डॉक्टरांच्या थांबण्यात दुर्लक्ष नाही, हिशेब आहे. गुडघ्याच्या वरची ही कूर्चेची पट्टी मांडीच्या हाडाला वर्षाला सुमारे एक सेंटीमीटर लांबी देते. तीन वर्षांत 3 सेंटीमीटरचा फरक पडला, तो यामुळेच. मुलींची वाढ साधारण चौदाव्या वर्षी थांबते, तोवर आणखी सुमारे 5 सेंटीमीटरची भर पडून एकूण फरक 8 सेंटीमीटरच्या आसपास जाऊ शकतो. आज 3 सेंटीमीटर वाढवून दिले तरी उजवा पाय पुढे वाढतच राहील.

तुमच्या मुलीच्या बाबतीत पाय लांब करणे ही चैन नव्हे. एवढा फरक तसाच राहिला तर कंबर एका बाजूला कलते, पाठीचा कणा वाकून तोल सांभाळतो आणि चालताना दमछाक होते. सहसा दोन मार्ग एकत्र वापरले जातात : योग्य वयात उजव्या गुडघ्याजवळची वाढ छोट्या शस्त्रक्रियेने थांबवून फरक कमी करायचा, आणि उरलेली लांबी डाव्या पायाला एका किंवा दोन टप्प्यांत द्यायची. पहिला मार्ग योग्य वेळ निघून गेल्यावर मिळत नाही, म्हणून कंबरेपासून घोट्यापर्यंतचा उभा एक्स-रे दर सहा महिन्यांनी ते वर्षाने काढावा आणि हाडांचे वय पाहण्यासाठी मनगटाचाही काढावा. मुलांचे हाड मोठ्यांपेक्षा लवकर भरते, ही तुमच्या बाजूची गोष्ट आहे.

तोवर बुटाची उंची वाढवून घ्यावी. किती, हे मोजपट्टीपेक्षा लाकडी फळ्यांनी चांगले कळते. मुलीला सरळ उभे करून आखूड पायाखाली पातळ फळ्या एकेक सरकवत जावे आणि मागून कंबरेची दोन्ही हाडे एका रेषेत आली की थांबावे. त्यातला एक सेंटीमीटर बुटाच्या आत बसतो, उरलेला तळव्याला बाहेरून लावून घ्यावा लागतो.

प्रश्न : वय 48. पाठदुखीसाठी काढलेल्या एक्स-रेमध्ये उजवा पाय 8 मिलिमीटरने आखूड असल्याचे कळले. शस्त्रक्रिया करावी का?

उत्तर : अजिबात नको. एवढा फरक असंख्य लोकांत असतो आणि बहुतेकांना तो जन्मभर कळतही नाही. पाठदुखीचे कारण दुसरीकडे शोधावे. हवे तर उजव्या टाचेखाली 5 मिलिमीटरची गादी सहा आठवडे वापरून पाहावी. दुखणे कमी झाले नाही तर काढून ठेवावी.