डक्ट एका लाइनीत ठेवायची असेल तर

अरे, डक्ट (एसीच्या हवेची चौकोनी नळी) ओढायच्या आधीच जस्टिफिकेशन, म्हणजे साइज बदलली तर डक्टची कोणती कड एका लाइनीत राहणार, ते बघ. रेव्हिटमध्ये (बिल्डिंगचं मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर) ते मिडलला असलं की 600 बाय 400 (रुंदी बाय उंची, मिमी) ची डक्ट पुढे 400 बाय 300 केलीस तर खालचा तळ 50 मिमी वर जातो, आणि फॉल्स सीलिंगवर सगळ्यांना तळ सपाट हवा असतो, म्हणून व्हर्टिकल जस्टिफिकेशन बॉटम ठेव. साइज नंतर बदललीस तरी रेव्हिट सेंटरलाइनच धरून बसतं, मग पूर्ण रन (जोडलेल्या डक्टची सलग लाइन) सिलेक्ट करून जस्टिफाय कर. जुन्या डक्टला नवीन जोडताना स्पेसबार दाब, नवीन डक्ट उंची आणि साइज जुन्या डक्टचीच घेते. प्लॅनवर (वरून दिसणाऱ्या नकाशावर) विश्वास नको, सेक्शन (बाजूने कापून दाखवणारा नकाशा) काढच! बडोद्यात आमच्या एका साइटवर प्लॅन एकदम सरळ होता पण डक्ट बीममध्ये घुसलेली, फार वाईट वाटलं होतं.