सात अक्षरांचा चरण

प्रश्न : आमचं भजनी मंडळ आषाढीला नंदवाळच्या दिंडीत असतं. यंदा सहा-सहा-सहा-चार अशी अक्षरं बोटांवर मोजून मी स्वतः अभंग रचलाय. त्याच नादात तुकोबांचं 'सुंदर ते ध्यान' मोजलं, तर 'तुळसीहार गळा' सात भरतात! मग नियम खरा कुठला? माझी दोन कडवी सोबत जोडली आहेत.
– एक भगिनी, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : ताई, मोजणी तुमची चोख आहे. अजून मोजा. 'आवडे निरंतर' सात, 'तळपती श्रवणी' सात, 'कंठी कौस्तुभमणी' तेही सात. (जोडाक्षर एकच धरायचं, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब इथं नाही, तो गणवृत्तांचा, म्हणजे लघु-गुरूंचा क्रम ठरलेल्या वृत्तांचा.) पहिलं आणि शेवटचं कडवं मात्र काटेकोर सहा-सहा-सहा-चार.

आता हे कागदावरून उचलून टाळावर म्हणून बघा. तोंडातून 'तुळ्सीहार', 'आव्डे', 'तळ्पती', 'कौस्तुभ्मणी' असंच येतं. चारही ठिकाणी जास्तीचं अक्षर जिभेखाली विरतं. अभंग मुळात गायचा. तिथं कान मोजतो, बोटं नव्हे. आपल्या राजाराम कॉलेजात शिकवलेल्या माधव जूलियनांच्या 'छंदोरचना' या ग्रंथात सहा-सहा-सहा-चारच्या या मोठ्या अभंगाला देवद्वार छंद म्हटलंय. ज्ञानोबांचं 'देवाचिये द्वारी' त्याच मापाचं.

यमक मात्र सोडलेलं नाही. विटेवरी-कटावरी, पितांबर-निरंतर, श्रवणी-मणी, सर्वसुख-श्रीमुख. दुसऱ्या चरणाचं तिसऱ्याशी जुळतं, चौथा आखूड चरण मोकळा. हे जुळलं नाही, तर टाळकऱ्याला पुढची ओळ उचलायला आधारच राहत नाही.

तुमची गोची नेमकी उलटी झालीय.

'पंचगंगेकाठी टाळ वाजे मंद । विठोबाचा छंद जीवा लागे ॥' झकास! याला हात लावू नका.

'नंदवाळ वाटे चालते पालखी । डोळा येते पाणी सावळ्याचे ॥' अक्षरं पक्की, पण पालखी आणि पाणी? शिवाय 'सावळ्याचे पाणी' म्हणजे काय, हे मला तरी उलगडलं नाही. असं करून बघा : 'चालते पालखी । नाम येता मुखी शीण जाई ॥' माझाच शब्द ठेवा असा हट्ट नाही. 'खी'वर संपणारं दुसरं काही सुचलं तर उत्तमच.

आणि नाममुद्रेचं, म्हणजे रचणाऱ्याचं नाव गुंफलेलं शेवटचं कडवं तुम्ही पाठवलेलंच नाही. 'तुका म्हणे माझे' इतकीच जागा तिथं मिळते, तेव्हा तुमचं नाव लांब असेल तर घरचं हाकेचं नाव घाला.