आमच्या गावातली पतसंस्था सामाजिक संस्थांना देणगी देते असं ऐकलं आहे. अर्ज कसा करावा आणि साधारण किती रक्कम मिळते?

देते. आमच्या वाचनालयाला दिली होती, आणि त्या देणगीवरून आमच्या घरात आठ वर्षं धुसफूस चालू आहे. म्हणून उत्तर जरा लांबेल.

यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव. मी वाचनालयाची सचिव, माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, अध्यक्ष. पोलीस भरती, तलाठी असल्या परीक्षांची तयारी करणारे वीस-पंचवीस पोट्टे-पोट्ट्या आमच्याकडे सतरंजीवर मांडी घालून सहा-सहा तास बसायचे. आम्हाला हव्या होत्या खुर्च्या आणि एक इन्व्हर्टर, कारण आमच्याकडची लाइन नेमकी अभ्यासाच्या वेळी जाते. तसा अर्ज पतसंस्थेला दिला. पोळ्याच्या चार दिवस आधी टेम्पो आला आणि त्यातून वॉटर कूलर उतरला.

स्टीलचा, दोन नळांचा. पुढच्या पत्र्यावर ठसठशीत लाल अक्षरांत एका संचालकाच्या वडिलांचं नाव, मागे कै. लावून. पतसंस्थेचं नाव त्याखाली बारीक. वाचनालयाचं कुठंच नाही. फोटो काढायला सगळं संचालक मंडळ आलं, नारळ फोडला, पेढे वाटले. आमच्याकडे नळाला तीन दिवसांआड पाणी. कूलर भरायला पोट्टे अभ्यास सोडून विहिरीवरून बादल्या आणायचे. उन्हाळ्यात विजेचं बिल जवळपास दुप्पट आलं, ते भरायला गावात वर्गणी काढावी लागली. देणगी घेऊन कर्जात जाणारं वाचनालय आमचंच असावं.

मी भासऱ्यांना म्हटलं, हा परत पाठवू. ते म्हणाले, "धर्माच्या गाईचे दात मोजत नसतात, बाई."

सगळं भांडण इथंच आहे. मुळात ती गाय धर्माची होतीच कुठं?

पतसंस्थेचा वार्षिक अहवाल तुमच्याही घरी येत असेल. कागद चांगला गुळगुळीत असतो, म्हणून बहुतेक घरी कपाटाच्या फळीवर अंथरतात. त्यात मागच्या पानांवर नफा वाटणीचा तक्ता असतो, तो एकदा वाचा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे नफ्यातला किमान चौथा हिस्सा राखीव निधीत जातो. लाभांश १५ टक्क्यांच्या वर वाटता येत नाही. आणि कलम ६९ सांगतं की राखीव निधी नि शिक्षण निधीची सोय केल्यावर नफ्याच्या २० टक्क्यांपर्यंत रक्कम सहकारी, धर्मादाय किंवा लोकोपयोगी कामासाठी बाजूला काढता येते. ती खर्च करायला शासनाने ठरवलेल्या संघीय संस्थेची, म्हणजे सहकारी संस्थांच्या संघाची, मान्यता लागते, आणि वाटणी मंजूर होते आमसभेत. म्हणजे पैसा सभासदांचा, हात वर करणार सभासद, आणि नाव एका संचालकाच्या वडिलांचं! माझा स्वतःचा पाचशे रुपयांचा शेअर आहे तिथं. माझ्याच गोठ्यातली गाय मला दान देता आणि वर दात मोजू नको म्हणता?

पुढच्या आमसभेत मी उभी राहिले. विचारलं, तक्त्यातल्या या धर्मादायाच्या ओळीतला पैसा कोणाकोणाला गेला ते वाचून दाखवा, आणि कूलरवर ते नाव काऊन? पतसंस्थेचे अध्यक्ष म्हणाले, "वयनी, च्या घ्या आधी." मागून कोणीतरी हसलं. मी चहा घेतला, कप खाली ठेवला आणि तोच प्रश्न परत विचारला. प्रश्न इतिवृत्तात घ्या म्हटलं. त्यावर मात्र हसू थांबलं. भासरे त्या दिवशी माझ्याशी न बोलता घरी गेले, सोबत आणलेल्या गाडीवर मला न घेता.

पुढच्या वर्षी वाचनालयाच्या नावाने चेक आला. तीस खुर्च्या झाल्या. भासरे म्हणतात, तो कूलर आपण गुपचूप घेतला म्हणून पुढचं मिळालं. मी म्हणते, आमसभेत विचारलं म्हणून मिळालं. तुम्हीच ठरवा.

तर तुमचा अर्ज. नोंदणी, ऑडिट, पॅन, कार्यकारिणीचा ठराव हे तुम्हाला माहीतच असेल. वेळ सांभाळा. हिशेब ३१ मार्चला बंद होतात आणि आमसभा ३० सप्टेंबरच्या आत होते, त्यामुळे अर्ज एप्रिल-मेमध्येच टाका. दिवाळीत गेलात तर कॅलेंडर मिळेल. रक्कम मागा, वस्तू मागू नका. वस्तूच द्यायची म्हणाले तर दोन दुकानांची दरपत्रकं तुम्हीच जोडा आणि "कोणत्याही व्यक्तीचे नाव टाकू नये" हे अर्जातच लिहा. तोंडी सांगितलेलं टेम्पोत बसत नाही. आणि अर्जाच्या विषयात सीएसआर लिहू नका. सीएसआर म्हणजे नफ्याचे २ टक्के समाजकामावर खर्च करायचं बंधन, ते २०१३ च्या कंपनी कायद्यातलं, मोठ्या कंपन्यांना. पतसंस्थेला ते लागू नाही, आणि मॅनेजर ते वाचून मनात हसतो.

किती मिळेल ते मी सांगू शकत नाही, तुमच्या पतसंस्थेचा नफा पाहा. कलम ६९ मध्ये "काढता येते" आहे, "काढलीच पाहिजे" नाही, त्यामुळे हक्क म्हणून भांडता येत नाही, माझ्यासारखं सभासद म्हणून विचारता येतं. तुमच्याकडे पतसंस्था नसून नागरी बँक असेल तर हिशोब वेगळा: तिला रिझर्व्ह बँकेचे नियम लागतात, देणगी मागच्या वर्षीच्या नफ्याच्या १ टक्क्यापर्यंत, आणि संचालक किंवा त्यांचे नातेवाईक ज्या संस्थेत आहेत तिला देता येत नाही. तुमच्या कार्यकारिणीत कोणाचा साळा-मेहुणा बसला आहे का, ते आधी बघा.

आणखी एक, नाहीतर मी एकतर्फी लिहिलं असं होईल. त्या वर्षी आमच्या अर्जाला उत्तर देणारी तीच एक संस्था होती. बाकी कोणी पोचही दिली नाही. कूलर अजून आहे. आता टाकी बसवल्यावर चालतो, मे महिन्यात सगळे त्याचंच पाणी पितात, मीही. भासरे समोर असले की मी माठातलं घेते.

तुमची संस्था नोंदलेली आहे की नुसतं मंडळ आहे, ते प्रश्नात लिहिलं नाही. नुसतं मंडळ असेल तर हे सगळं पुढच्या वर्षी, आधी धर्मादाय कार्यालयात जा.