लेखन-शंका : पाचशे शब्दांचं गाव

प्रश्न : कुमारांसाठी कादंबरी लिहितोय. समुद्र चढल्यावर उरलेल्या गावात पाचशेच शब्द बोलायची मुभा आहे. पण पात्रं तोंड उघडतात ती तान्ह्या मुलांसारखी. काय चुकतंय?

उत्तर : बहुधा यादीत नामांची गर्दी झालीय आणि त्यांना जोडायची क्रियापदं राहून गेलीत. तीही फार लागत नाहीत. भाषाभ्यासक ऑग्डेन यांच्या १९३० च्या ‘बेसिक इंग्लिश’ या मोजक्या शब्दांच्या सोप्या इंग्रजीत ८५० शब्द होते आणि क्रियापदं जेमतेम अठरा. मराठीत हे आणखी सोपं. करणे, होणे, देणे, घेणे, येणे, लागणे एवढ्यांवर ‘राग येणे’, ‘मदत करणे’, ‘भूक लागणे’ असं बरंच भागतं.

मोजायचं कसं ते आधी ठरवा. घर, घरात, घरापासून हा एकच शब्द धरा, नाहीतर यादी तिसऱ्या पानातच संपेल. मग पानभर संवाद लिहून यादीबाहेरचे शब्द अधोरेखित करा. अडलं तिथे जोडशब्द करा. सव्वाशेच्या आसपास मूळ शब्द असलेल्या ‘तोकी पोना’ या घडवलेल्या भाषेत मोटार म्हणजे ‘तोमो तावा’, चालतं घर. तुमच्या गावातली पोरंही असंच काहीतरी करतील आणि पहारेकऱ्यांना ते रोखता येणार नाही.

जुलूम दाखवायला ‘स्वातंत्र्य’ खोडणं आता फार वापरून झालंय. त्यापेक्षा ‘कारण’, ‘म्हणून’, ‘जर’ काढा. ‘पाणी आलं. बांध फुटला. माणसं मेली.’ कशामुळे काय झालं हे सांगताच येत नाही, मग दोष कुणाला देणार?

निवेदन मात्र पूर्ण मराठीत ठेवा. अडीचशे पानं पाचशे शब्दांत कुणी वाचणार नाही. नायिकाच ‘मी’ म्हणून सांगत असेल, तर बाकीची भाषा ती कुठे शिकली तेवढं दाखवा.

प्रश्न : ध्रुवांवरचा बर्फ वितळून एका रात्रीत कोकण बुडतं, असं चालेल का?

उत्तर : नाही. आर्क्टिक समुद्रावर तरंगणारा बर्फ वितळून पाणी जवळपास चढतच नाही. ग्रीनलँडचा जमिनीवरचा सगळा बर्फ गेला तर सुमारे ७ मीटर चढेल, पण त्याला शतकं लागतील. १९०१ ते २०१८ या काळात जगभरची सरासरी वाढ सुमारे २० सेंटिमीटर होती.

एका रात्रीचा घात हवाच असेल तर चढलेल्या पातळीवर अमावास्येचं उधाण आणि चक्रीवादळ एकत्र आणा. खारबंदिस्तीला, म्हणजे समुद्राचं पाणी अडवणाऱ्या बांधाला, खांड (भगदाड) पडते, भातखाचरात खारं पाणी शिरतं, विहिरी मचूळ होतात. पिण्याचं पाणी आणि पुढची पिकं एकदमच जातात.

शब्दबंदी आणि समुद्र हे दोन्ही धागे जोडायची जागाही हीच. ‘उधाण’ आणि ‘खांड’ यादीतून आधीच कापून ठेवा. बांधावरचा मुलगा ‘पाणी येतं, मोठं पाणी’ एवढंच ओरडू शकेल, आणि पाणी तर रोज दोनदा येतं. कोण उठेल?

तिथी मात्र सांभाळा. अष्टमीला भांगाची, म्हणजे कमी चढणारी, भरती असते. त्या दिवशी उधाण आणलंत तर किनाऱ्यावरचा वाचक पुस्तक मिटून ठेवील.