'तारामाशाची पिल्लं' कोण म्हणतं?

प्रश्न: रीफ टँकच्या (कोरल ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीच्या) काचेवर रात्री नखाएवढे पांढुरके तारामासे दिसतात. दुकानदार त्यांना 'तारामाशाची पिल्लं' म्हणतो. हे बरोबर का? मासा नसताना 'तारामासा' तरी का? आणि ते काढावेत का?

उत्तर: पिल्लं नव्हेत! हे ऐकून ऐकून कान किटले. हा 'ॲस्टेरिना' नावाचा छोटा तारामासा. पाच ते पंधरा मिलिमीटरचा हा प्राणी चांगला प्रौढ असतो. त्याची संख्या वाढते ती बहुतेक दुभंगून: अंगाचे दोन भाग होतात आणि प्रत्येक भागाला उरलेले बाहू नव्याने फुटतात. म्हणूनच एका बाजूला दोन-तीन लांब बाहू, दुसऱ्या बाजूला नुसते कोंब, अशी वेडीवाकडी आकृती दिसली की ओळख पटली. बाहू पाचच हवेत असेही नाही, सहा-सात सर्रास असतात. मधली चकती वेगळी उठून दिसत असेल आणि बाहू दोऱ्यासारखे वळवळत असतील, तर तो ब्रिटल स्टार, तारामाशाचा वेगळा नातेवाईक. तो फटीत बसून गाळ खातो, त्याच्या वाटेला जाऊ नका.

'मासा' खटकणाऱ्यांनी आधी देवमाशाचा निकाल लावावा. पुढे.

खरी गंमत 'ॲस्टेरिना' या नावात आहे. ग्रीक 'ॲस्टेर' म्हणजे तारा, '-इना' लघुत्वदर्शक; म्हणजे चांदणी. हाच शब्द लॅटिनमध्ये 'स्टेला', फारसीत 'सितारा' आणि ऋग्वेदात 'स्तृभिः', म्हणजे 'ताऱ्यांनी'. आपला 'तारा' याच घराण्यातला, फक्त आरंभीचा 'स' गळालेला. (सतारीला यात ओढू नका. ती फारसी 'सेह-तार', तीन तारांची.) तरीही 'तारते ती तारा' अशी तॄ धातूवरची व्युत्पत्ती कोशांतून उतरवून घेणारे पंडित आहेतच. देवीच्या नावाला ती शोभते. आकाशातल्या ताऱ्याला लावायची, तर ग्रीकांच्या आणि इराण्यांच्या ताऱ्यात 'स' कुठून आला ते त्यांनी सांगावे. माझा स्वतःचा ओढा 'स्तृ' म्हणजे पसरणे, अंथरणे या धातूकडे आहे, ज्यातून 'विस्तार' आणि 'आस्तरण' आले. आकाशभर अंथरलेले ते तारे. भाषाशास्त्रज्ञ मान डोलावणार नाहीत, पण दिवे गेल्यावर काच पाहा आणि मग बोला.

शिवाय 'ॲस्टेरिना' हे नावही आता जुने झाले. 1834 सालच्या या प्रजातीतून (जीनसमधून) हिंदी-प्रशांत महासागरातले बरेच सदस्य 2004 मध्ये 'ॲक्विलोनास्ट्रा'त गेले, आणि टँकमधले पाहुणे बहुधा त्यांतलेच. 'ॲक्विलो' म्हणजे उत्तरेचा वारा. दुकानात मात्र जुनेच नाव चालते. चालू द्या.

हां, काढायचे का? पाच-दहा असतील तर नको. ते लाइव्ह रॉकवरून (जीवजंतूंसकट आणलेल्या समुद्री दगडावरून) किंवा कोरलच्या फ्रॅगवरून (तोडून लावलेल्या तुकड्यावरून) येतात आणि काचेवरचा शेवाळाचा थर खातात. जठर बाहेर काढून त्यावर पसरतात, म्हणून गुलाबी कोरलाइन शेवाळावर फिकट ठिपके उरतात. काही प्रकार झोॲन्थिड (कोरलचे मऊ, गुच्छाने वाढणारे नातेवाईक) कुरतडतात. तारा नुसता वर बसला म्हणून आरोप करू नका. तो उचलल्यावर खालचा पॉलिप (झोॲन्थिडचा एकेक जीव) विरघळलेला दिसला आणि रोज तेच घडले, तरच मोहीम काढा.

दिवे बंद झाल्यावर तासाभराने, लाल टॉर्च लावून, चिमट्याने वेचा किंवा हवेच्या पंपाच्या बारीक नळीने ओढून बादलीत काढा. काचेवर चिरडू नका, मधल्या चकतीचा अंश असलेला तुकडा पुन्हा वाढू शकतो. टँकमध्ये खाणे कमी टाका. शेवाळ आणि उरलेले अन्न घटले नाही, तर वेचणे कधी संपायचे नाही. तांब्याचे औषध तर अजिबात नको, ताऱ्यांसोबत कोळंब्या आणि कोरलही जातील. नवा फ्रॅग टँकबाहेर आयोडीनच्या द्रावणात बुडवा, खालचा प्लग (तो चिकटवलेला खुंट) उलटून पाहा, जमले तर बदलूनच टाका.

हार्लेक्विन कोळंबी सगळे फस्त करते, पण ती तारामाशांखेरीज दुसरे काही खात नाही. टँक साफ झाला की तिच्यासाठी चॉकलेट चिप तारामासा विकत आणावा लागतो, नाहीतर ती उपाशी मरते.