सहाचाकी उभयचर गाडी डावीकडे वळताना कट्ट-कट्ट वाजते. डावी चेन दोनदा ताणली, तरी आवाज जात नाही. काय करू?

भाऊ, आधी डाव्या चेनचा टेन्शनर, म्हणजे चेन ताणायचा भाग, परत ढिला करा. या गाडीला स्टिअरिंगने वळणारी चाकं नसतात. डावीकडे वळायचं तर डाव्या बाजूची तिन्ही चाकं ब्रेकने थांबतात आणि उजवी तिन्ही गाडी ओढून फिरवतात. म्हणजे तेव्हा सगळा जोर उजवीकडच्या चेनवर येतो. तिथलीच एखादी चेन स्प्रॉकेटचे, म्हणजे चेनच्या दातेरी चाकाचे, दाते सोडत असावी, असा माझा अंदाज आहे.

मी हिंगणा रोडला हार्वेस्टर-थ्रेशरची कामं करतो. अशा दोन गाड्या हातून गेल्या. पहिलीत मी तुमच्यासारखंच केलं, चेन तारेसारखी ताणली. आवाज बंद झाला, पण महिन्याभरात अ‍ॅक्सलचं बेअरिंग गेलं. तेव्हापासून माप घेतल्याशिवाय टेन्शनरला पाना लावत नाही.

चेन "लांबते" म्हणजे लोखंड ताणलं जात नाही. आतल्या पिना आणि त्यांच्यावरच्या नळ्या, म्हणजे बुश, झिजतात, प्रत्येक सांध्यात केसभर फट पडते आणि ती सगळी मिळून लांबी वाढते. बाहेरच्या पट्टीवर ५० नंबर असेल तर पिच, म्हणजे लागून असलेल्या दोन पिनांमधलं अंतर, १५.८७५ मिमी, ६० असेल तर १९.०५. चेन ताणून धरा आणि एका पिनच्या मध्यापासून सोळा लिंक पुढच्या पिनच्या मध्यापर्यंत मोजा. नव्या ५० नंबरला २५४ मिमी भरतात, ६० नंबरला ३०४.८. तीन टक्के वाढ, म्हणजे २६१.६ किंवा ३१४ च्या आसपास आकडा आला, तर ती चेन ताणण्यात अर्थ नाही, बदलाच. स्प्रॉकेटचे दाते टोकदार होऊन एका बाजूला कलले असतील तर तेही सोबतच बदला, नाहीतर नवी चेन लवकर खराब होईल. लांबलेल्या चेनची एक कडी काढून अर्धी लिंक बसवायचा सल्ला कोणी देईल. ती लिंक कमजोर असते, ऐकू नका.

माप ठीक निघालं तरच ताण लावायचा. इंजिन बंद, चावी खिशात, गाडी घोड्यांवर (स्टँडवर) उचललेली, सहाही चाकं मोकळी. चाक हाताने हळूहळू फिरवा. चेन सगळीकडे सारखी ढिली नसते, एका जागी घट्ट येते. ती जागा सापडेपर्यंत फिरवत राहा आणि ढील तिथेच मोजा. ढिल्या जागी मोजून ताणलं की घट्ट जागी बेअरिंगवर भार येतो, माझी चूक नेमकी हीच होती. गाडीचं मॅन्युअल असेल तर त्यातला आकडा घ्या. नसेल तर दोन स्प्रॉकेटच्या मध्यांमधलं अंतर मोजा आणि चेन मधोमध वर-खाली एकूण त्याच्या २ ते ३ टक्के हलू द्या, ४०० मिमीला ८ ते १२ मिमी. मास्टर लिंकचं, म्हणजे चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीचं, लॉक बघून घ्या, त्याचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला हवं. तळ्यातून आल्यावर आतलं पाणी काढा, चेन पुसा आणि पट्ट्यांच्या मधल्या फटीत तेल सोडा. वरून थापलेलं ग्रीस पिनपर्यंत पोचत नाही.

टायरची हवाही तपासा. एका बाजूची तिन्ही चाकं चेनने बांधलेली असतात, त्यामुळे एकाची हवा कमी झाली की त्याचा घेर बदलतो आणि चाकं एकमेकांशी चेनमधून झगडतात. चिखलात किंवा गवतावर टायर थोडे घसरून तो ताण सुटतो. आपल्या नागपूरच्या सिमेंट रोडवर सुटत नाही. म्हणून गाडी शेतापर्यंत ट्रॉलीवर न्या आणि सिमेंटच्या अंगणात ती जागच्या जागी गर्रकन फिरवणं आजपासून बंद करा.